चाकापुढची लिंबं

खंडेनवमीच्या सकाळी सिद्धलिंगप्पाच्या पिकअपचं मागचं डावं चाक बसलं, आणि गाडी उचलायचा जॅक तोवर देव होऊन पाटावर जाऊन बसला होता. हे दोन्ही हरिबानं आपल्या ओट्यावरून बघितलं आणि त्याला मनापासून बरं वाटलं.

हरिबा मूळचा वळसंगचा धनगर. मेंढरांमागं पाय झिजवण्यापेक्षा शहर बरं म्हणून सोलापुरात आला आणि स्टेशनाजवळच्या एका मालट्रकवाल्याच्या गॅरेजात सव्वीस वर्षं मिस्त्री होता. डाव्या हाताची दोन बोटं त्या गॅरेजात गेली. उरलेली तीन तंबाखू मळायला पुरत होती, आणि जिभेला तर कधी खरचटलंसुद्धा नव्हतं. आता तो घरी बसून होता. भवानी पेठेत सिद्धलिंगप्पाच्या आवारात त्याची एक भाड्याची खोली, खोलीपुढं हातभर ओटा, आणि त्या ओट्यावर बसून दिवसभर आल्यागेल्याला नावं ठेवणं हा त्याचा उद्योग. नळाखाली कुणी घागर तिरकी धरली तरी बोलणार, कुणी सायकलीत हवा जास्त मारली तरी बोलणार. "देवानं डोस्कं दिलंय, पर तुमी त्येचा उपेग टोपी ठेवायलाच करा," हे त्याचं वाक्य आवारातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. लोक ऐकायचे आणि आपलं तेच करायचे.

सिद्धलिंगप्पावर त्याचा विशेष डोळा. माणूस चादरींचा व्यापारी, आवाराचा मालक, आणि हरिबाच्या मते पोटानं पुढं, अकलेनं मागं. गेल्या उन्हाळ्यात त्यानं कुठल्याशा खात्याच्या लिलावातून ही पिकअप आणली. पुढून जीप, मागून हौदा. निळा रंग फासला, मागं 'शिवकृपा' लिहून घेतलं, आणि तेव्हापासून "आमची गाडी" ह्याशिवाय त्याच्या तोंडी दुसरा शब्द नाही.

"गाडी म्हनं!" हरिबा थुंकायचा. "सरकारनं जीव काढून घेतला आन मढं ह्येच्या गळ्यात घातलं."

पण खरी कळ वेगळीच होती. ह्या गाडीवर ड्रायव्हर होता धुळा, आणि धुळा हरिबाचा जावई होता. हरिबानं त्याला आपल्याच जुन्या गॅरेजात हातापाया पडून चिकटवलं होतं. पोरगं चार वर्षं टिकलं आणि ही गाडी आली तसं तिथलं काम सोडून सिद्धलिंगप्पाकडं आलं. त्या दिवशी हरिबा भर आवारात, पाणी भरणाऱ्या बायांच्या देखत ओरडला होता, "बापावर गेलास तू! तुझ्या बापानं माजी बोटं खाल्ली, आन तू माजी अब्रू खाल्लीस!"

 तेव्हापासून धुळा हरिबाशी बोललेलाच नाही. समोरासमोरच्या खोल्या, मधे वीस पावलं अंगण, आणि सासरा-जावयात चार महिने एक शब्द नाही. मायाक्का, हरिबाची एकुलती एक लेक, तेवढी रोज इकडून तिकडं भाकरी पोचवायची आणि दोन्हीकडची तोंडं सांभाळायची.

धुळाचा बाप म्हणजे बिरप्पा. तोही वळसंगचाच, गॅरेजात हरिबाच्या हाताखाली होता. एक दिवस ट्रक जॅकवरून सरकला, हरिबाचा हात खाली सापडला. बिरप्पानं चाकाला दगड लावला नव्हता म्हणून गाडी सरकली, असं मालकानं ठरवलं आणि त्याच संध्याकाळी बिरप्पाला हाकलला. बिरप्पा गावी जाऊन परत मेंढरांमागं लागला आणि दुष्काळाच्या साली गेला. तरीही हरिबानं आपली लेक त्याच्याच पोराला दिली. ज्यानं बोटं घालवली त्याच्या घरी लेक दिली, केवढं मोठं मन, असं लोक म्हणायचे. हरिबा त्यांना म्हणू द्यायचा. ह्या विषयावर मात्र तो फार वेळ कधी थांबत नसे.

तर खंडेनवमी.

सकाळी सिद्धलिंगप्पानं गाडी अंगणात घेऊन धुवायला लावली. वीस घागरी तरी पाणी ओतलं असेल. अंगण सगळं मुरमाचं आणि मातीचं, त्यात ते रस्त्याकडच्या गटाराकडं उतरतं. पाणी जिरलं आणि गाडीभोवती चिखलाचा लगदा झाला. त्याच वेळी त्याची बायको गौरम्मा पडवीत हत्यारं मांडत होती. पाटावर नवा खण, त्यावर पाने, पक्कड, हातोडा, आणि सगळ्यांच्या मधोमध तो उभा जॅक. गौरम्मा भाविक बाई. तिनं जॅकला आंघोळ घातली, त्याच्यावर विभूतीची तीन बोटं ओढली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि हात जोडले. शेजारणीच्या म्हाताऱ्या आईनं तर लांबून पिंडच समजून नमस्कार केला.

हत्यारांची पूजा झाली. गाडीची पूजा बारा वाजायच्या आत करायची होती. गौरम्मानं चारी चाकांपुढं एकेक लिंबू ठेवलं, पूजा झाली की त्यावरून गाडी पुढं घ्यायची म्हणून. आणि मागच्या डाव्या चाकापुढं लिंबू ठेवताना तिला दिसलं की हवा जाऊन चाक बसलंय.

"अय्यय्यो!" ती ओरडली. "हे बघा की हो! लंगडी गाडी कशी पुजायची?"

सिद्धलिंगप्पा धोतराचा सोगा सावरत आला. त्यानं चाकाला लाथ मारून बघितली, जणू काय चाक सोंग करत होतं. "धुळा, स्टेपनी काढ. आणि जॅक आण."

"जॅक?" गौरम्मा पाटापुढं आडवी झाली. "पुजेतलं हत्यार उचलायचं? उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाल्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाई. लावून तर बघा!"

ओट्यावर हरिबानं तंबाखू हातावर घेतली. मायाक्का त्याच्यासाठी चहा घेऊन आली होती, ती तिथंच टेकली. "बस गं," तो म्हणाला. "तमाशाला पैसं मोजून बी असं बघायला मिळायचं न्हाई."

"आबा, गप बसा जरा सणासुदीचं."

"मी गपच हाय की. मी कुटं काय म्हनलो?"

सिद्धलिंगप्पा विचारात पडला. त्याला विचार करताना बघणं हरिबाला फार आवडायचं. माणूस पोटावरून हात फिरवायचा आणि आभाळाकडं बघायचा, आणि खाली जे यायचं ते ऐकण्यासारखं असायचं. आताही तसंच झालं. "जॅक कशाला पाहिजे?" तो म्हणाला. "आमच्या आज्जानं जन्मभर बैलगाडीला वंगण घातलं. कुठला जॅक होता त्याच्याकडं? चार गडी लावले, गाडी उचलली, खाली दगड दिला. झालं!"

हरिबाला चहाचा ठसका लागला. "बैलगाडी!" तो लेकीला म्हणाला. "ऐकलंस? मंग म्होरं कडबा बी टाका म्हनावं. वैरण खाऊन गाडी आपसूक उठंल."

धुळा स्टेपनी आणायला दुकानाच्या मागं गेला होता. तो नाही हे बघून सिद्धलिंगप्पाला अजूनच हुरूप आला. दुकानातले पाच हमाल त्यानं बोलावले. ते बिचारे सणाच्या दिवशी नवी पैरण घालून खोबऱ्याच्या आशेनं आले होते, त्यांना हौद्याला खांदे द्यायला लावले. आणि खाली द्यायला दगड म्हणून काय आणलं, तर घरातलं उखळ! ते उपडं घातलं. उखळाचं तोंड मातीत, बूड वर. हमालांनी "हुईऽऽ" करून हौदा उचलला, सिद्धलिंगप्पानं "अजून, अजून" म्हणत पायानं उखळ आसाखाली सरकवलं, आणि गाडी त्या बुडावर टेकली. मागचं डावं चाक जमिनीपासून चार बोटं वर आलं.

सिद्धलिंगप्पानं हात झटकले आणि हरिबाकडं बघून हसला. "काय मिस्त्री? जमलं का न्हाई?"

"लई झ्याक," हरिबा म्हणाला. "आता नट कसं काढनार?"

धुळा स्टेपनी ढकलत आला आणि गाडी वर गेलेली बघून जागच्या जागी थांबला. "शेट, नट खालीच सैल करायचे असतेत की! वर गेल्यावर चाक फिरतंय नुस्तं."

"फिरतंय तर धरा की. एवढी माणसं हाईत."

मग पाच हमालांनी चाक धरलं, एकानं तर मांडीत घेतलं, आणि धुळानं पान्यावर पाय देऊन नट उडवले. पाना पूजेतला नव्हे, शेजारच्या टांगेवाल्याकडनं मागून आणलेला. दर हिसक्याला गाडी हलायची आणि उखळ चिखलात केसभर आत जायचं. ते कुणी बघत नव्हतं. हरिबा बघत होता. बघत होता आणि आतल्या आत चुका मोजत होता. ओल्या जमिनीवर गाडी घेतली, ही एक. खाली फळी न घालता दगड दिला, ही दुसरी. दगडही असा पोकळ. काढलेलं चाक तरी गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवावं, म्हणजे उखळ निसटलं तर गाडी चाकावर तरी बसेल, तर ते ह्यांनी ढकलत फाटकाकडं नेऊन ठेवलं. आणि स्टेपनी लावून मोकळं व्हावं तर तीही नाही. स्टेपनीला चिखल लागलाय, गाडीच्या अंगाला असलं घाणेरडं चाक लावायचं नाही म्हणून गौरम्मा ती घासत बसली होती.

ह्या अक्कलशून्य मंडळींची एकेक चूक बघून हरिबाला गुदगुल्या होत होत्या. आपल्याला कुणी विचारलं नाही ह्याचा पुरा वचपा निघत होता.

एवढ्यात धुळानं इकडंतिकडं बघितलं. "शेट, म्होरच्या चाकांना दगड लावतो. उतार हाय हितं."

"दगड?" सिद्धलिंगप्पा म्हणाला. "आताच तर धुतलीय गाडी. आणि लिंबं ठेवलीत तिथं, ती चेंगरतील की पुजेच्या आधी. हँडब्रेक ओढलाय न्हवं?"

"ओढलाय, पर…"

"मग राहू दे की."

हरिबाचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. राहू दे की. हे शब्द त्यानं कुठंतरी ऐकले होते, ह्याच चालीत. त्याला ते नको होते. त्यानं तंबाखूची चिमूट ओठात धरली आणि लेकीकडं वळला.

"ह्या गाडीचा हँडब्रेक चाकान्ला लागतच न्हाई," तो हळूच म्हणाला. "मदल्या शाफ्टाला लागतोय. मागचं एक चाक उचललं की दुसरं मोकळं. मंग ब्रेक वढा न्हाईतर गळ्यात बांधा, सारखंच."

मायाक्कानं त्याच्याकडं बघितलं. "मग गाडी जाईल की म्होरं!"

"जाईल न्हाईतर न्हाई. देव हाय न्हवं पाटावर."

"आबा, उठा. सांगा त्यास्नी."

"कुनाला सांगू? मला इचारलं का कुनी? बोलतंय का कुनी माज्याशी?"

"तुमी उठणार हाय का न्हाई?"

"न्हाई," हरिबा म्हणाला आणि मांडी बदलून बसला.

आणि तेवढ्यात सिद्धलिंगप्पाला आणखी एक कल्पना सुचली. गाडी आता वर आहेच, तर खालचाही चिखल पुसून घ्यावा. देव काय नुसता वरून बघतो काय? पोटाखालचा मधला गोळा, आस, पाटे, सगळं लख्ख पाहिजे. त्यानं फडकं आणि रॉकेलचा डबा धुळापुढं धरला. "शीर की खाली. पाच मिनिटांचं काम."

धुळा वाकला. त्यानं उखळाकडं बघितलं, गाडीच्या पोटाकडं बघितलं आणि सरळ झाला. "चाक लावल्यावर करू या की, शेट."

पोरगं शहाणं होतं. आता शहाण्या माणसाच्या पाठीशी एक शब्द पाहिजे होता, बस. तो शब्द वीस पावलांवर ओट्यावर बसला होता. आणि हरिबानं काय केलं? तो हसला. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा हसला आणि लेकीला म्हणाला, "जाईल की खाली. न जाऊन सांगतोय कुनाला? बिरप्पाचंच बेणं ते. दगड लावायचा इसरायचं आन खाली शिरायचं, घराण्याची रीतच हाय ती!"

धुळाच्या मानेची शीर ताठ झाली. त्यानं हरिबाकडं बघितलंसुद्धा नाही. सिद्धलिंगप्पाच्या हातातनं फडकं हिसकून घेतलं, चिखलात उताणा पडला आणि खांदे घुसळत आसाखाली गेला. बाहेर राहिले नुसते गुडघ्यापासूनचे पाय.

मायाक्का उभी राहिली. तिनं बापापुढची कपबशी उचलली. "लाज वाटती का तुमाला?" एवढंच ती म्हणाली आणि अंगणाकडं चालू लागली.

हरिबा तिला उत्तर द्यायला तोंड उघडतच होता, तेव्हा त्याला लिंबू दिसलं.

पुढच्या उजव्या चाकासमोरचं लिंबू. पिवळं, टपोरं, गौरम्मानं कुंकू लावून ठेवलेलं. गाडीला कुणी हात लावला नव्हता. हमाल लांब उभे राहून बिड्या ओढत होते. आणि त्या लिंबाची एक बाजू दबली होती. हरिबा बघत राहिला. लिंबाची साल ताणली, चिरली, आणि तिथनं रस येऊन चिखलात उतरला. मग बी बाहेर आलं.

गाडी चालली होती. मुंगीच्या पावलानं, पण चालली होती. मागं आस उखळाच्या बुडावरून कडेला येत होता आणि आसाखाली धुळाची छाती होती.

"धुळ्या, भाईर ये!" हरिबा किंचाळला. "धुळ्याऽ! गाडी चाललीया!"

कुणीही दचकलं नाही. एका हमालानं मान वळवली आणि परत बिडी ओढली. सिद्धलिंगप्पानं हात उडवला, "मिस्त्रींचं सुरू झालं." गाडीखालून धुळाच्या फडक्याचा आवाज तसाच येत राहिला. हरिबाचं ओरडणं रोजचंच होतं. रोज इतकं ऐकलं होतं की आज त्यातलं कुणाच्या कानातच शिरलं नाही.

मग हरिबा उठला. ओट्याशेजारी त्याचा आंघोळीला बसायचा दगड होता, चांगला दहा-बारा किलोचा. तो त्यानं उचलला. डाव्या हाताच्या तीन बोटांत तो धरवेना, म्हणून पोटाशी धरला आणि साठीचा तो म्हातारा चिखलातून अनवाणी पळत सुटला. त्यानं दगड पुढच्या उजव्या चाकापुढं, त्या लिंबावरच, आपटला आणि टाचेनं आत ठोसला. गाडी त्याला येऊन भिडली आणि करकरून थांबली.

"कुनी हात लावायचा न्हाई गाडीला!" तो ओरडला. "कुनी टेकायचं न्हाई! तो दुसरा दगड आना, त्या चाकाला लावा! माया, पाय वढ त्येचं!"

ह्या खेपेला सगळ्यांनी ऐकलं. एका हमालानं धावत जाऊन तुळशीपाशी पडलेला दगड दुसऱ्या चाकाला लावला. मायाक्कानं कपबशी टाकून दिली, नवऱ्याचे दोन्ही घोटे धरले आणि होतं नव्हतं तेवढ्या बळानं ओढलं. धुळा चिखलातून सरपटत बाहेर आला, तोंडावर रॉकेल, डोळ्यांत माती. "काय झालं गं? सोड की!" म्हणतोय तोवर उखळ एका अंगाला कलंडलं. गाडीचं मागचं अंग धप्पकन खाली आलं, आणि चाक काढलेला तो ब्रेकचा ड्रम चिखलात चार बोटं रुतला. त्याच्या बाजूला आस जमिनीपासून वीतभर पण राहिला नाही. धुळाचं फडकं त्याखालीच होतं.

 मायाक्का नवऱ्याचा हात धरून बसली होती ती बसलीच.

सगळ्यात आधी गौरम्मा हलली. ती पडवीत गेली, पाटासमोर वाकून नमस्कार केला, जॅकच्या गळ्यातली माळ काढली आणि जॅक पदरानं धरून घेऊन आली. विभूतीच्या रेघा तशाच होत्या. "घ्या," ती म्हणाली. "देवाला मी सांगते काय सांगायचं ते."

हरिबानं जॅक घेतला. मग त्यानं हमालांकडून जळणातली एक जाड फळी आणवली, चिखल फावड्यानं ओढून टणक मुरूम लागेपर्यंत जागा साफ केली, फळी ठेवली, तिच्यावर जॅक. काढलेलं चाक फाटकाकडनं परत आणवून गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवलं. हे सगळं त्यानं एकालाही शिवी न देता केलं. आवारातल्या बाया दारात येऊन त्याच्याकडं बघत होत्या.

सिद्धलिंगप्पाच्या तोंडावरचा रंग हळूहळू परत आला, आणि रंगाबरोबर बोलणंही आलं. चूक कुणाची तरी असायलाच पाहिजे होती. उखळाची म्हणावी तर उखळ गौरम्माचं. हँडब्रेकची म्हणावी तर गाडी आपली. त्याचा डोळा फिरत फिरत धुळावर येऊन थांबला.

"तू ड्रायव्हर न्हवं रे?" तो म्हणाला. "चाकाला दगड लावायची अक्कल ड्रायव्हरला पाहिजे का मला? आज एखादा जीव गेला असता म्हणजे? खरं सांगत होते बरं का मिस्त्री. बापाचं बघूनच शिकलास तू. त्याच्या बेपर्वाईनं ह्यांची बोटं गेली, आज तुझ्या बेपर्वाईनं…" आणि तो हरिबाकडं वळला. "काय हो मिस्त्री? तुम्हीच म्हणता की न्हाई नेहमी?"

धुळा उभा होता. चिखलानं माखलेला, रॉकेलानं डोळे लाल झालेले. त्यानं मान वर केली नाही. हे तो कितीतरी वर्षं ऐकत आला होता. आपल्या बापानं दगड लावला नव्हता, हे त्यालाही खरंच वाटत होतं.

हरिबानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सगळ्यांना तीच सवय होती. मान खाली घातली तर समोर तो दगड दिसत होता, चाकापुढचा, आणि त्याच्याखाली लिंबाचा पिवळा लगदा.

"त्यो म्हनला हुता," हरिबा पुटपुटला.

"काय?" सिद्धलिंगप्पा म्हणाला.

"मगाशी. धुळानं तुमास्नी इचारलं हुतं, दगड लावू का म्हनून. तुमी म्हनला राहू दे की. मी हितं बसून आयकलं." त्यानं जॅकचा दांडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. आवाज आणखी खाली गेला. "बिरप्पानं बी आनला हुता दगड. हातात घिऊन हुबा हुता. मी म्हनलो, राहू दे की, हँडब्रेक वढलाय."

धुळानं मान वर केली.

"मंग मालकाला कुनी सांगितलं, माझ्या बानं दगड लावला न्हाई म्हनून?" चार महिन्यांत तो सासऱ्याशी पहिल्यांदा बोलत होता.

"मी."

"बाला म्हाईत हुतं?"

"व्हय. त्यो शेजारीच हुबा हुता की. मिस्त्रीला त्येच्या तोंडावर खोटं कसं पाडायचं, म्हनून गप ऱ्हायला."

मायाक्का उठून उभी राहिली होती. तिनं बापाकडं बघितलं आणि मग त्या तीन बोटांच्या हाताकडं बघितलं. तिनं लहानपणापासून तो हात चोळून दिला होता, शेकून दिला होता.

धुळा दोन पावलं पुढं आला. हरिबाला वाटलं, आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मामा," धुळा म्हणाला, "मगाशी माझ्या बाला बोलला ते ह्या फाटकाभाईर ऐकू गेलं. ह्ये मला बी नीट ऐकू आलं न्हाई. पुन्यांदा म्हना. तसंच मोठ्यानं."

हरिबानं भोवती बघितलं. दारादारांत बाया होत्या, हमाल होते, सिद्धलिंगप्पा तोंड उघडं टाकून उभा होता.   हरिबानं ओठातली तंबाखू थुंकून टाकली.

"दगड मी लावू दिला न्हाई!" तो ओरडला. "बिरप्पाची काय बी चूक न्हवती! माजी बोटं माज्याच मस्तीनं गेली, आन आळ मी त्येच्यावर घातला!"

 गौरम्मानं घासून ठेवलेली स्टेपनी गाडीकडं ढकलली. हरिबा जॅकचा दांडा हातात घेऊन तसाच उभा राहिला.

धुळानं त्याच्या हातातनं दांडा घेतला. मग तो गाडीच्या पुढं गेला, हरिबानं ठोसलेल्या दगडापाशी वाकला आणि तो दोन्ही हातांनी हलवून बघितला. दगड हलला नाही. तरी त्यानं दुसरा एक दगड शोधून आणला आणि आपल्या हातानं चाकाच्या मागच्या अंगाला लावला.